विकायला काढलेल्या गाडीचे नवे शॉक

"ड्रायव्हरला आत पाठवा ताई, गाडीचं मॉडेल विचारायचंय."

मान वर न करताच अनुज बोलला आणि तिथंच फसला. नूतनने पिकअपची किल्ली काउंटरच्या काचेवर अशी आपटली, की शेजारच्या फिल्टरच्या डब्या हलल्या.

"ड्रायव्हर आत आलाय. विचारा."

आता त्याने वर पाहिलं... आणि मॉडेल विचारायचं राहूनच गेलं. डोक्याला घट्ट गुंडाळलेली पिवळी ओढणी, केळीच्या चिकाने काळपटलेला कुर्ता आणि भांडायला निघालेले डोळे. चोपडा गावात वडिलांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसायला लागल्यापासून अनुजने गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली होती. असं एकही नव्हतं.

"पुढचे शॉक हवेत," ती म्हणाली. "लेव्हलिंगचे. गाडीचं पडलेलं नाक उचलून मागच्या बाजूशी सपाट करतात, ते. शेताच्या नाल्यात नाक दगडांवर घासतं माझं."

"तुमचं?"

"गाडीचं!"

तो हसला. तिने हसू दाबलं, पण ते ओठांच्या कडेला राहिलंच.

शॉक होते, पण बसवणार कोण? शेजारच्या धनसिंग मिस्तरीने लांबूनच हात जोडले. "ताई, आबास्नी सांगेल शे. गाडी इकाले काढेल शे, हात लावाना नही."

नूतनचा चेहरा लाल झाला. अनुजने हळूच विचारलं, "विकायला काढलेल्या गाडीला कुणी नवे शॉक घालतं?"

"विकू देणार नाही, म्हणून तर घालतेय!"

मग तिने तिथंच उभ्याउभ्या सगळं सांगितलं. भाऊ नोकरीला पुण्याला गेला, तेव्हा वडिलांनी, आबांनीच तिला कोरड्या नदीपात्रात गाडी शिकवली. केळी तोडायची, भरायची, पॅकिंगच्या शेडवर न्यायची, सगळं तिने सांभाळलं. आता धुळ्याचं स्थळ आलंय. ते लोक रविवारी बघायला येणार आणि त्यांनी आधीच कळवलंय, आमच्या घरची सून स्टिअरिंगला हात लावत नाही. आबांनी मान डोलावली आणि गाडीला गिऱ्हाईक शोधायला लागले.

"माझ्या आधी गाडीची पाठवणी!" ती म्हणाली. तिने ओढणीची गाठ घट्ट आवळली.

अनुजच्या घरीही एक कायदा होता. त्याचे वडील प्रकाशचंदशेठ म्हणायचे, दुकानदाराने माल विकावा, गाडीखाली झोपू नये. आजवर अनुजने तो निमूट पाळला होता. आज त्याने पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"मी बसवतो."

"येतं तुम्हाला?"

"व्हिडिओ पाहिलेत... बरेच."

"देवा!"

पण तिनेच मागच्या चाकांना दगड लावले, जॅक दिला. श्रावणातली ऊन-पावसाची लपाछपी चालली होती. मध्येच सर आली, तशी ती गाडीखालून बाहेर आलेल्या त्याच्या पायांवर छत्री धरून उभी राहिली.

"पायच तेवढे भिजत होते," आतून आवाज आला.

"मग मिटू छत्री?"

"नको... राहू द्या."

नव्या शॉकच्या नळीवर खाचा होत्या. स्प्रिंगखालची रिंग जितक्या वरच्या खाचेत बसवावी, तितकं नाक वर. अनुजने ती हौसेने सगळ्यात वरच्या खाचेत बसवली. मोकळी गाडी अगदी सपाट दिसायला लागली. निघताना नूतनने आरशातून मागे पाहिलं, तो अजून रस्त्यातच उभा होता.

दुसऱ्या दिवशी ती केळी भरलेली पिकअप घेऊन पुन्हा दारात.

"बघा तुमची करामत! मागे माल भरला आणि नाक आभाळाला. पहाटे दिवे रस्ता सोडून झाडाचे शेंडे उजळत होते. स्टिअरिंग तर इतकं हलकं, की हातात ठरतच नाही!"

अनुजने कपाळावर हात मारला. व्हिडिओतली गाडी रिकामी होती, म्हणून त्यानेही रिकामीच सपाट केली. "माझ्या लक्षातच आलं नाही, तुमची गाडी भरलेली असते..."

"आमची गाडी फक्त पोळ्याला रिकामी असते. त्या दिवशी बैलांबरोबर तिलाही सुट्टी."

मग त्याने भरल्या गाडीभोवती फिरून पुढची-मागची उंची मापली. मापता मापता घडावर टेकला आणि शर्टावर चीक लागला.

"गेला तुमचा शर्ट," ती हसत सुटली. "हा डाग धुऊन निघत नाही."

"राहू दे. रोज घालीन."

"का बरं?"

"असंच... म्हणजे, कापड चांगलं आहे."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका, शेठ."

त्याचे कान लाल झाले. केळी शेडवर उतरवून ती परत आली, तेव्हा तो सतरंजी अंथरून तयारच होता. एका बाजूची रिंग खालच्या खाचेत गेली. दुसरी बाजू चालू असतानाच, धनसिंगने कळवलं म्हणून आबा आले. त्याच वेळी प्रकाशचंदशेठही गल्ल्यावरून उठले.

"कोनले इचारीसन करी राहिनी हाई?" आबांचा आवाज चढला.

"कोनलेच नही, आबा." नूतन गाडीला पाठ टेकून उभी राहिली. तिथून ती हलली नाही.

"रविवारले पाव्हना येनार शेतस. त्यास्ले काय सांगू?"

"सांगा, मनी पोर गाडी सोडत नही."

"आनि गाडीवाली पोरसंगे लगीन कोन करी?"

"मी करीन, आबा," गाडीखालून आवाज आला.

शेठ ओरडले, "अनुज! बाहेर ये आधी!"

"येतो बापूजी. बोल्ट आवळून येतो. अर्धवट सोडला तर गाडी धोक्याची."

नूतन संतापून खाली वाकली. "आणि मला कोण विचारणार? आधी मला विचार ना!"

ग्रीसने माखलेलं तोंड बाहेर आलं. "नूतन... माझ्याशी लग्न करशील?"

"गाडी मीच चालवणार."

"मी शेजारी बसेन."

"तुझ्या घरचे रागावतील. माझेही."

"रागावू देत. मला तूच हवी आहेस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही. "मग हो," ती म्हणाली. मुद्दाम मोठ्याने, दोन्ही बापांना ऐकू जाईल असं.

शेठ काहीतरी पुटपुटत दुकानात शिरले आणि तिथूनच म्हणाले, "हात धुऊन घरी ये. तुझ्या आईसमोर बोलू काय ते." अनुज मान हलवून पुन्हा गाडीखाली गेला. शेवटचा बोल्ट करकचून आवळला, जॅक उतरवला.

आबा गाडीभोवती हळूहळू फिरले. बॉनेटवर दोन्ही हात ठेवून भार दिला, गाडी दबली आणि शांतपणे वर आली. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता आणि लपवता न आलेला अभिमानही. शेवटी दार उघडून ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"चाल वं," ते म्हणाले, "तुनी मायले सांगाले मी एकला जावाव नही."