तारेचं तिसरं टोक

दाजी गाडी ओढून घेऊन आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सुट्टीचा दिवस, गॅरेजचं शटर अर्ध्यावर आणि आत तो एकटाच. सगळे त्याला 'मीटर' म्हणायचे. मीटरवर आकडा दिसेपर्यंत हा बाबा सख्ख्या बापावरही विश्वास ठेवायचा नाही, अशी त्याची ख्याती. पण एकदा, आयुष्यात एकदाच, त्याने मीटर न लावता गाडी सोडली होती. ती हीच विजेवरची गाडी, त्याच्या ताईची. ताईला जाऊन चार महिने झाले होते.

"पोरीला सोमवारपासून कामावर जायचंय," दाजी म्हणाले. "आईचीच गाडी हवी म्हणते. तू बघ काय ते. मला त्या गाडीत बसवत नाही."

ते गेले आणि तो गाडीकडे बघत उभा राहिला.

त्या खेपेला गाडी आणली तेव्हा ताई म्हणाली होती, "चालता चालता क्षणभर मेल्यासारखी होते रे ही." त्याने स्कॅनर लावला. बॅटरीच्या मॉड्यूलशी, म्हणजे तिच्या छोट्या संगणकाशी, संपर्क तुटल्याचा कोड होता. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबलेली. त्याने कोड पुसला, डॅशबोर्डवरचा दिवा विझला. "काही नाही गं, जा तू," म्हणाला. तिसऱ्या दिवशी पुलाच्या वळणावर गाडी भर रस्त्यात बंद पडली. ताई बघायला खाली उतरली आणि मागून आलेल्या ट्रकने तिला उडवलं; गाडीला ओरखडाही नाही. कोड पुसल्याबद्दल त्याने कुणाजवळ ब्र काढला नव्हता. आतल्या आत मन खात होतं, एवढंच.

आता भाची चालवणार होती. आता चूक चालणार नव्हती.

त्याने छोटी बॅटरी सोडवली, मोठ्या बॅटरीचा केशरी प्लग उपसला आणि खिशात घातला. जो गाडीत हात घालतो त्याच्याच खिशात प्लग राहतो, म्हणजे दुसरं कुणी चुकून जोडत नाही. मग दहा मिनिटं थांबायचं, साठलेली वीज उतरेपर्यंत. बाहेर नळ ठिबकत होता. गाडीत अजून ताईच्या हाताच्या क्रीमचा वास होता. चार महिने बंद गाडीत वास राहतो का हो इतका? तो शेजारच्या सीटवर बसून राहिला.

या गाड्यांतली मॉड्यूल्स एकमेकांशी बोलतात ती पीळ घातलेल्या दोन तारांवरून. तारेच्या दोन टोकांना दोन मॉड्यूल्स, दोघांत एकशेवीस ओहमचा एकेक रोध. रोध समांतर जोडलेले, म्हणून दोन्ही मिळून मीटरवर निम्मे, साठ येतात. एक टोक तुटलं तर एकशेवीस. त्याला एकशेवीस अपेक्षित होते.

आले चाळीस.

चाळीस म्हणजे तारेला तिसरं टोक. कुणी काही जादा जोडलंय का, म्हणून त्याने सगळं उलटंपालटं केलं. काही नव्हतं. मग त्याने एका टोकाचं मॉड्यूल काढलं. साठ. दुसऱ्या टोकाचं काढलं. एकशेवीस. मधली बाकीचीही काढली आणि बाकड्यावर ओळीने मांडली. आता तारेवर कुणीच उरलं नव्हतं, आकडा जायलाच हवा होता.

एकशेवीस. हलेना.

तेवढ्यात आकडा गेला आणि आला. पुन्हा गेला आणि आला. मग थांबला. थोड्या वेळाने परत तसंच, दोनदा.

लहानपणी दोघांनी काड्यापेट्यांचा टेलिफोन केला होता. एक पेटी ताईकडे, एक याच्याकडे, मध्ये दोरा. बोलायच्या आधी ती दोनदा दोरा ओढायची. आहेस ना तिकडे? याने दोनदा ओढून उत्तर दिलं की मगच ती दोरा सैल सोडायची. एकदा हा पेटी खिडकीला लटकवून खेळायला पळाला, तर ती बिचारी जेवणाची हाक येईपर्यंत पेटी कानाला लावून बसली होती.

"ताई…" तो तारेवर वाकून म्हणाला. "मी कोड पुसला होता गं… मीटर नाही लावला…"

आकडा गेला. स्क्रीन कोरी राहिली.

तो रडला, पोटभर रडला. मग डोळे पुसून तारेवरून हात फिरवत गेला. चालकाच्या सीटखाली, मॅटच्या आत, एका जोडणीत पाणी शिरून पिन हिरवी पडली होती. दहा मिनिटांचं काम होतं. त्याने पिन बदलली, सगळं परत बसवलं, मीटर लावला. बरोबर साठ.

संध्याकाळी त्याने दाजींना सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. दाजींनी गाडीची किल्ली हातात घेतली.

"गाडी बंद पडल्यावर तिने मला फोन केला होता," ते म्हणाले. "म्हणाली, परत तसंच झालंय. पण त्याला सांगू नका, जिवाला लावून घेईल." ते उठले. "म्हणून नाही सांगितलं."

भाची महिन्याने आली, हसतमुख. "मामा, गाडी झकास आहे. फक्त पुलाच्या वळणावर हळूच दोनदा ओढ घेते. दोनदाच. काल तर तिथे पोचायच्या आधीच घेतली. काही घाबरण्यासारखं नाही ना?"

'काही नाही, जा' हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले. ते त्याने गिळले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

प्लग खिशात. दहा मिनिटं. मीटर.

चाळीस. गेला, आला. गेला, आला.

त्याने तार चिमटीत धरून दोनदा ओढली. "आहे ताई. इकडेच आहे."

"मामा, उशीर होतोय," भाची बाहेरून म्हणाली. "जाऊ का घेऊन?"

"नको," तो म्हणाला. खिशातला प्लग त्याने मुठीत घट्ट धरला. "आज बसने जा."

तिची पावलं रस्त्याला लागली, मग ऐकू येईनाशी झाली. उत्तर मिळालं की ताई दोरा सोडायची, नेहमीच. त्याने आणखी दोनदा तार ओढली आणि वाट पाहिली.

आकडा गेला, आला; गेला, आला. आज ती सोडत नव्हती.