रिकाम्या खोलीतलं बटण

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी आहे, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही. कॉम्प्युटरचं काम करणारी बाई. भुताखेतांचा विषय निघाला की हसत उठून जायची.

बुधवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

कानाच्या दवाखान्यातून मावशीला बोलावणं आलं होतं. तिथे ऐकण्याची तपासणी एका वेबपानावरून व्हायची. पानात एक छोटा प्रोग्राम बसवलेला होता, ॲपलेट म्हणतात त्याला. तो बारीक ‘टूं’ वाजवायचा. पेशंट शेजारच्या आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचा. ऐकू आलं की हातातलं बटण दाबायचा. बटण दाबलं की बाहेर नर्सच्या स्क्रीनवर हिरवी खूण उमटायची.

महिनाभर त्या ॲपलेटच्या जागी नुसता राखाडी चौकोन दिसत होता.

“नव्या ब्राउझरला हे झेपत नाहीये,” मावशी नर्सला म्हणाली. “आधी जुन्या ब्राउझरमध्ये चालवून बघते. तिथे चाललं की रोग कळला.”

तिने जुना ब्राउझर टाकला. पान उघडलं. राखाडी चौकोन गेला, आलेख आला.

आणि त्यावर...

एक हिरवी खूण.

‘टूं’ अजून वाजलाच नव्हता. खोली रिकामी होती. जाड दार बंद होतं.

“बटण अडकलंय वाटतं,” मावशी म्हणाली आणि तिने बटणाची वायरच कॉम्प्युटरमधून उपसून काढली.

पुन्हा खूण.

मग आणखी एक. मग भराभर... कुणीतरी घाईघाईने बटण दाबत सुटावं तशा.

“ताई, बंद करा ते,” नर्स मागे सरकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“का गं? काय झालं?”

“घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा यायचे. ठार बहिरे. दर महिन्याला तपासणी करून घ्यायचे. एकही खूण उमटायची नाही. तरी म्हणायचे, पुढच्या खेपेला येईल ऐकू.” नर्सला हुंदका आवरेना. “त्या दिवशी आत त्यांना अस्वस्थ वाटलं असणार. दाराची कडी आतून उघडत नव्हती. त्यांनी बटण दाबलं असेल हो, कितीदा तरी दाबलं असेल! पण मला स्क्रीनवर राखाडी चौकोनाखेरीज काहीच दिसलं नाही. मला वाटलं, नेहमीसारखं त्यांना ऐकूच येत नाहीये. मी जेवायला गेले. परत आले तर...”

“कधीची गोष्ट?”

“हे पान बंद पडलं त्याच दिवशीची.”

मावशीने ती तारीख आठवली.

तो नवा ब्राउझर तिनेच टाकला होता. घरी बसून, नेटवरून, चहा पिता पिता. ॲपलेट चालतंय का, हे एकदा उघडून बघायचं राहून गेलं होतं.

तिने खोलीत बोलायचा माईक ओढला.

“आजोबा?”

खूण.

“तुम्हाला... ऐकू येतंय?”

खूण.

“चूक माझी आहे. मला माफ करा.”

काहीच नाही.

तिने वाट पाहिली. मिनिटभर. दोन मिनिटं. आलेख गप्प होता.

मग मावशी उठली आणि तिने ते दार सताड उघडलं. आत एक खुर्ची. खुर्चीवर हेडफोन. बस्स.

त्यानंतर एकही खूण आली नाही. नर्स रडत रडत म्हणाली, “सुटले बिचारे.” मावशीलाही तसंच वाटलं. दोन दिवसांत तिने पान नव्याने लिहून दिलं. आता ते सगळ्या ब्राउझरमध्ये चालतं. डॉक्टर खूश झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी स्वयंपाकघरातून काकांना म्हणाली, “अहो, गॅस बंद करा.”

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. नेटला जोडलेला नव्हता. त्यावर दवाखान्याच्या पानाची जुनी प्रत.

हिरवी खूण उमटली.

काका बोलले, खूण नाही. शेजारीण बोलली, खूण नाही.

मावशी कुजबुजली... खूण.

तिने ते पान पुसून टाकलं. लॅपटॉप विकला. मग मोबाइलवर राखाडी चौकोन आला. त्यात एक खूण.

मावशी आता बोलत नाही. आमच्या घरातली सगळ्यात बडबडी बाई! डॉक्टर म्हणतात, घशाला काही झालेलं नाही.

हे सगळं तिने मला वहीत लिहून दाखवलं. वाचून झाल्यावर मी विचारलं, “मावशी, पण त्यांना हवंय तरी काय?”

तिने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

उशीर झाला होता.

माझा फोन खिशात होता. मी तो बाहेर काढला...

त्या दिवसापासून मीही फार बोलत नाही.