सहाव्या पॅनलवरची बोटं

कोंडाबाईंनी सुनेसाठी कोठीच्या बाजारातून चांदीची जोडवी आणली. घट्ट निघाली, पण सासूचं मन मोडायला नको म्हणून योगिनीने तीच घातली.

माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, असाही उजेड असतो.

संदेश पॅनलवर चढायच्या आधी बूट काढतो.

काचीगुड्यात भर दुपारी अंधार करायचा तर काळं रेक्झिन तीन पदरी लावावं लागतं.

तारनाक्याच्या त्या दवाखान्याच्या गच्चीला मागच्या बाजूने कठडा नाही.

*

काचीगुड्यातल्या अनिलभाऊंच्या सोलरच्या दुकानामागची खोली म्हणजे योगिनीचं राज्य. गच्चीवर जायच्या आधी प्रत्येक सोलर पॅनल तिच्या हाताखालून जायचं. आधी हॅलोजनच्या दिव्यांखाली ठेवून ते किती वीज देतं ते बघायचं. मग दिवे बंद करून उलटा खेळ: पॅनललाच वीज द्यायची. अंधारात ते मंद चमकतं, पण ती चमक फक्त कॅमेऱ्याला दिसते. मोठ्या कारखान्यात यासाठी खोलीएवढं यंत्र असतं. योगिनीने जुन्या वेबकॅमच्या आतली, असा उजेड अडवणारी काचेची टिकली काढून काम भागवलं होतं. धड भाग पांढरट दिसायचा, तडकलेला काळा.

माणूस पॅनलवर चढला की काळे डाग हमखास पडायचे. नवऱ्याला तिने किती वेळा समजावलं होतं, की अनवाणी चढून काच वाचते, पण काचेखालची पत्री पापडाहून पातळ असते, ती वजनाने तडकते.

"बूट तर काढले," संदेश म्हणायचा. "आता काय पाय पण काढून ठेवू?"

त्या दिवशी तारनाक्याच्या दवाखान्यासाठी सहा पॅनल आली होती. पेटी तिनेच फोडली. दिव्यांखाली सगळी चोख निघाली. मग तिने दिवे विझवले.

पहिल्याच पॅनलवर काळं पाऊल होतं.

डावं. टाच, चवडा, पाची बोटं. तिने कॅमेरा पुसला, तारा बदलल्या, पॅनल फिरवून ठेवलं. पॅनलबरोबर पाऊलही फिरलं. दुसऱ्या पॅनलवर उजवं. तिसऱ्यावर पुन्हा डावं.

तिने एक फोटो संदेशला पाठवला आणि फोन लावला. तो तारनाक्याला गच्चीवर फ्रेम बसवत होता.

"यांच्यावर कधी चढलात तुम्ही?"

"अगं, पेटी तू फोडलीस ना? मी कुठून चढणार?" तो हसला. "आणि एवढं नाजूक पाऊल माझं? डोकं फिरलंय, हौली झालीस का?"

कोणतं पॅनल कुठे बसणार, ते संदेशने सकाळीच सांगून ठेवलं होतं, आणि पेटी फोडल्यावर तिने मागे खडूने तसे आकडे घातले होते. एक नंबर पाण्याच्या टाकीजवळ, सहा नंबर कठडा नसलेल्या बाजूला. योगिनीने फोटो त्याच क्रमाने लावले. कुणीतरी टाकीकडून निघालं होतं. चौथ्यापर्यंत सरळ चाललं होतं. पाचव्यावर दोन्ही पाय जवळजवळ होते, थबकल्यासारखे.

सहाव्यावर फक्त बोटं. टाच नव्हती. पुढे झुकलेल्या माणसाची टाच उचलली जाते, तशी.

सहाही फोटो घेऊन ती पुढे दुकानात गेली.

"अनिलभाऊ, ही आज पाठवू नका."

अनिलभाऊंनी फोटोंवरून नजर फिरवली. "दिव्याखाली आकडे बरोबर आलेत ना?"

"आलेत. पण—"

"मग कॅमेऱ्याला चष्मा लाव. तिकडे डॉक्टरीणबाई सकाळपासून डोकं खातायत माझं."

तिच्यादेखत टेम्पो भरला आणि गेला.

दोन तासांनी तिने संदेशला फोन केला. "आजच्या दिवस खाली उतरा. माझं ऐका."

"चार बसली. दोनच राहिलीत. कैकू परेशान होतेस?"

"संदेश."

लग्नाला दोन वर्षं झाली, तिने कधी नाव घेतलं नव्हतं. "बरं, लवकर आवरतो," तो म्हणाला.

त्यानंतर फोन नुसता वाजत राहिला.

रिक्षात ती एकच गोष्ट स्वतःला सांगत होती. तो कडेला जायच्या आत पोचायचं, दंडाला धरून मागे ओढायचं. मग हसू दे हवं तेवढं.

चार मजले ती धावत चढली. गच्चीवर ऊन अजून करकरीत होतं. टाकीपासून पार कडेपर्यंत सहाही पॅनल सलग बसली होती, बुटक्या फ्रेमवर, चौथऱ्यासारखी. त्यांच्या पलीकडे, कडेवर, संदेश तिच्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता. ड्रिल मशीन घरघरत होतं.

"अहो!"

त्याला ऐकू गेलं नाही.

पॅनलना वळसा घालायला वाट नव्हती. एकीकडे भिंत, दुसरीकडे जिन्याची उघडी पोकळी.

तो आणखी जरासा कडेकडे सरकला.

तिने चप्पल काढली. घरातली सवय, विचार न करता. काच तापली होती. तिने डावं पाऊल टाकलं.

उजवं.

डावं.

पायाखाली काहीतरी बारीक तडकत होतं, पापड मोडावा तसं.

उजवं.

पाचव्या पॅनलवर ती थबकली. मशीन बंद झालं होतं. संदेशने मान वळवली, तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तो उठायला गेला.

त्याचा पाय सरकला.

ती हात पुढे करून झुकली.

खोलीतल्या फोटोंत, अगदी पहिल्यापासून, प्रत्येक पावलाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर एक बारीक पांढरी आडवी रेघ होती, जोडव्याएवढी रुंद.