तो फोल्डर वगळून

“ती खुर्ची तशी खाली येत नाही. लाथ घालावी लागते.”

मी दचकून वळले. दारात एक माणूस उभा होता. इतका उंच, की चौकटीखाली त्याची मान सवयीनेच वाकली होती. केस भिजलेले, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू.

जेवणाची सुट्टी होती, ऑफिस रिकामं. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि वाट्याला आलेल्या खुर्चीत बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. खुर्चीखालचा दांडा ओढून ओढून हात लाल झाले होते.

“अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मी लाथा घालत नाही,” मी म्हटलं.

“ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून घालता?”

“ओळखीच्या माणसांनाच घालते.”

तो खळखळून हसला. पुढे आला, बुटाच्या टोकाने खुर्चीच्या मुळाशी एक ठोकर दिली, आणि मी तिच्यासकट सूंऽऽ करत खाली आले. पाय टेकले. वर बघते तर तो अजूनच उंच वाटला. मेला उंट, मी मनात म्हटलं.

मग त्याची नजर माझ्या कॉम्प्युटरकडे गेली... आणि हसू मावळलं.

पडद्यावर काळी खिडकी उघडी होती, तिच्यात मी टाइप केलेली एकच आज्ञा. आमच्या कंपनीचा प्रोग्राम अँब्युलन्सना रस्ता दाखवायचा. त्यातल्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर ती लिहिणाऱ्याचं नाव होतं. ते सगळीकडून शोधायचं आणि त्या जागी साहेबांचं नाव घालायचं, असं साहेबांनी सकाळी फर्मावलं होतं. एंटर दाबला की काम फत्ते.

“इथे आधी कुणीतरी होता म्हणे,” मी उगाच खुलासा केला. “भांडून गेला.”

“भांडला नाही. प्रोग्राम अर्धवट आहे, आत्ता विकू नका, एवढंच म्हणाला.” तो थांबला. “मीच तो.”

माझे कान तापले. तो मात्र वाकून माझी आज्ञा वाचत होता.

“इतिहासाचा फोल्डर वगळलात?”

“वगळणारच! कुणी, कधी, कुठली ओळ बदलली, ते सगळं त्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतं. तिथे शोधा-आणि-बदला चालवलं तर आतला मेळ बिघडून सगळंच मोडेल. एवढं कळतं मला.”

“तसं नव्हतो म्हणत.” त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. “तेवढ्या एका कोपऱ्यात तरी राहीन मी... म्हणून बरं वाटलं.”

त्याने टेबलाच्या खालच्या खणातून आपला राहिलेला स्वेटर काढला आणि निघून गेला. मी एंटर दाबला. हुकूम होता, नोकरी नवी होती. पण डबा तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी एक चूक शोधायला मी तो इतिहास उघडला. प्रत्येक बदलासोबत त्याने एक ओळ लिहून ठेवली होती. ‘आता डावं वळण चुकत नाही. का, ते विचारू नका.’ ‘ही घोडचूक माझी. कालचा शहाणपणाही माझाच होता.’ आणि एका ठिकाणी – ‘अँब्युलन्समध्ये आपली आई झोपलीय असं धरून पुन्हा तपासलं. पुलाचा रस्ता चुकीचा निघाला.’

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मग परत डाव्या वळणाची वाचली, आणि हसूच फुटलं.

“काय गं टाचणी, कोडमध्ये एवढं हसण्यासारखं काय?” शेजारून ताईंनी विचारलं. ताई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. प्रोग्राम तपासण्याचं काम त्यांचं. मला टाचणी हे नाव त्यांनीच पाडलं, कारण मी जिथे तिथे टोचते म्हणे.

“ताई, त्यांचा नंबर आहे? एका ओळीचा अर्थ विचारायचाय.”

“एकाच?” ताईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि नंबर दिला.

अर्थ विचारायला आम्ही नदीकाठच्या कॉफीच्या दुकानात भेटलो. मग दुसऱ्या ओळीचा. मग ओळी संपल्या, तरी भेटतच राहिलो. तो दुसरी नोकरी शोधत होता. साहेबांनी मात्र ‘त्याने इथे काहीच केलं नाही’ असं सगळीकडे पसरवलं होतं.

“आणि तुम्ही गप्प बसलात?” मी भडकले.

“काय करू? ओरडत फिरू?”

“फिरा! एवढी उंची काय पंखे पुसायला दिलीय?”

पाऊस वाढला होता. पत्र्यावर असा आवाज, की ऐकू येण्यासाठी त्याला माझ्या अगदी जवळ वाकावं लागलं.

“तुम्ही... तू चिडलीस की तुझ्या नाकाचा शेंडा लाल होतो.”

“‘तू’ कधी म्हणायला लागलात?”

“आत्ताच. चालेल?”

“विचार करून सांगते,” मी म्हटलं. “तोवर तू थांब.”

पण थांबायला वेळ मिळाला नाही. त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“प्रोग्राम विकत घेणारे मोठे लोक बघायला येणारेत. त्यांनी इतिहास उघडला तर त्यात त्याचंच नाव दिसतंय! तू तो फोल्डर वगळलास?”

“वगळला, सर. तिथे चालवलं असतं तर सगळं मोडलं असतं.”

“मग मोड! फोल्डरच उडव. आजपासून माझ्या नावाने नवा सुरू कर.”

घरी दादा-वहिनीकडे राहत होते मी. नोकरी लागली तेव्हा दादाने अख्ख्या जिन्याला पेढे वाटल्यासारखं सांगितलं होतं. सगळं डोळ्यांसमोरून गेलं. तरी तोंडातून निघालं ते एवढंच –

“नाही.”

“काय?”

“नाही उडवणार. फाइलींवरचं नाव बदललं, तेच चुकलं माझं. पण इतिहास आहे, म्हणून ते आत्ता मागे घेता येतं.”

मी बाहेर आले. साहेब मागोमाग. सगळ्यांसमोर मी खुर्चीत बसले आणि त्या दिवशीचा बदल उलटा फिरवला. त्याचं नाव प्रत्येक फाइलीवर परत आलं. खाली कारण लिहायची जागा असते, तिथे मी लिहिलं – ‘ज्याचं काम, त्याचं नाव.’ आणि पुढे माझं नाव.

“आत्ताच्या आत्ता चालती हो!” साहेब गरजले. “ताई, तुम्ही उडवा तो फोल्डर.”

ताईंनी मान वर केली नाही. “इतिहास माझ्या मशीनवरही पूर्ण आहे, साहेब. तो मी पुसणार नाही.”

“माझ्याकडेही आहे,” खिडकीपाशी बसणारा नकाशेवाला म्हणाला. “मीही नाही.”

बाकीच्यांपैकीही कुणी कीबोर्डला हात लावला नाही. साहेब एकेकाकडे बघत राहिले. केबिनचं दार धाडकन आपटलं. मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

त्याला फोन केला, तसा तो अर्ध्या वाटेवर धावत आला. छत्री नाही, काही नाही.

“माझ्यासाठी नोकरी घालवलीस? वेडी आहेस का?”

“तुझ्यासाठी नाही. स्वतःला फार समजू नकोस. मला रात्री झोप लागायला हवी, म्हणून घालवली.”

“एवढंच?”

“नाही...” माझा आवाज पहिल्यांदाच अडखळला. “आवडतोस. पण हे वेगळं कारण आहे. दोन्ही एकत्र करू नकोस.”

त्याने माझा भिजलेला हात घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. लोक वळून बघत होते. बघू देत, मी म्हटलं.

तसाच हात धरून मी त्याला घरी नेलं. दादाने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग वर, आणखी वर.

“या वेळी घरी कशी? आणि हे कोण?”

“नोकरी घालवली, दादा. भांडून. आणि याच्याशी लग्न करणार आहे मी.”

दादाचा आ वासला. शेजारी उंट माझ्याहून जास्त दचकला होता.

“मला कुणी विचारलंच नाही,” तो पुटपुटला.

आतून वहिनी पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली. “आता विचारतेय ना ती? बोला की.”

तो माझ्याकडे वळला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला.

“हो,” तो म्हणाला. मग दादाकडे बघून, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने – “हो!”