पेडलवरचं माणूस

ऑपेरा हाऊसजवळच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत गौतमने ब्रेक ऑईलचे दोन डबे घेतले. दुकानदाराने पिशवीत डबे घालता घालता सहज विचारलं, "पेडलवर बसायला माणूस आहे ना बरोबर? ब्रेकची हवा काढणं एकट्याचं काम नाय हां."

"आहे," गौतम म्हणाला.

माणूस नव्हता. पण नाही म्हटलं असतं तर दुकानदाराने आणखी काही विचारलं असतं, आणि अनोळखी माणसाशी दोन वाक्यांच्या पुढे बोलायचं म्हटलं की गौतमच्या तळहाताला घाम सुटायचा. नववीत शाळा सुटली तीही थोडीफार त्याचमुळे. तो पिशवी पोटाशी धरून बसमध्ये बसला आणि भोईवाड्याला उतरला.

चाळ रिकामी होऊन आता बरेच महिने झाले होते. सगळी बिऱ्हाडं वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात गेली होती, गौतमसुद्धा. दारं-खिडक्या आधीच काढून नेल्या होत्या, त्यामुळे चाळ डोळे काढलेल्या तोंडासारखी दिसायची. मागे एक जुनी पत्र्याची शेड तेवढी उरली होती, आणि शेडमध्ये गाडी.

गाडी म्हणजे लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी जुनी स्पोर्ट्स कार. वर छप्पर नाही, मागे घडी पडणारं कापडी हूड. गौतमचे वडील, दौलतअण्णा, खोताच्या वाडीतल्या परेरासाहेबांकडे जन्मभर ड्रायव्हर होते. साहेब मुलीकडे कॅनडाला कायमचे गेले तेव्हा त्यांनी चावी अण्णांच्या हातावर ठेवली. "चालवलीस तू, धुतलीस तू. आता ठेव पण तूच." अण्णांनी गाडी चाळीत आणली त्या दिवशी शेजारचा विकास गॅलरीतून ओरडला होता, "अण्णा, छप्पर साहेबाकडेच विसरलात का ओ?" सगळी चाळ हसली होती. अण्णासुद्धा.

मग दर रविवारी बापलेक त्या शेडमध्ये असायचे. अण्णांचा गुडघा गेलेला, त्यामुळे ते वर सीटवर बसायचे आणि गौतम खाली झोपायचा. ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा काढायची तर वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने चाकामागचं निपल, म्हणजे तेल सोडायचा पोकळ स्क्रू, अर्धा आटा सैल करायचं, हवेचे बुडबुडे तेलाबरोबर बाटलीत पडले की निपल घट्ट करायचं आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. तीन शब्दांचं काम. खालून "दाब". वरून "धरलं". खालून "सोड".

एरवी गौतम अण्णांना अहो-जाहो करायचा. पण अण्णांनीच सांगितलं होतं, "गाडीखाली शिरलास की मी तुझा बाप नाय, पेडलवरचं माणूस. मान द्यायला वेळ नसतो." आणि एक नियम होता. खालून 'सोड' आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. निपल उघडं असताना पाय उचलला तर पाइप पुन्हा हवा ओढून घेतो, केलेलं सगळं वाया. "आभाळ कोसळलं तरी नाय उचलायचा," अण्णा म्हणायचे.

त्यांनी नियम पाळला. गेल्या वर्षी एका रविवारी गौतम मागच्या डाव्या चाकाखाली होता. "दाब," तो म्हणाला. "धरलं," अण्णा म्हणाले. त्याने निपल उघडलं, बंद केलं. "सोड." काही नाही. "सोड... अण्णा, सोडा की." तो बाहेर आला तेव्हा अण्णा समोर बघत बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि पेडल तळापर्यंत दाबलेलं होतं. माणसांनी त्यांना उचललं तेव्हाच पेडल वर आलं.

त्यानंतर त्या सीटवर कोणी बसलं नाही. गौतमसुद्धा नाही. वर्षभर तो फर्निचरच्या दुकानातली डिलिव्हरी संपवून शेडवर येत होता, मोबाइलवर व्हिडिओ बघत एकेक काम करत होता. ब्रेकचे सगळे पाइप नवे टाकले, मास्टर सिलिंडर बदलला, पिवळट दिवे काढून पांढरे बसवले, हूडसाठी लालबागच्या मंडपवाल्याकडून कॅनव्हास आणून हाताने शिवलं. पण जे करायचं ते दारात गुडघे टेकून, वाकून, सीटला अंग न लावता.

आता सोमवारी शेड पडणार होती. आत जे राहील ते भंगारात. विकासने वडाळ्याला मेहुण्याच्या गॅरेजात जागा बघून ठेवली होती. "पण चालवत आण रे बाबा, ढकलत नको. आणि ब्रेक लागू दे, मेहुण्याची भिंत नवीन आहे." कल्याणहून थोरली बहीण, श्रेयाताई, उद्या सकाळी येणार होती. "मीच दाबते की पेडल, त्यात काय," ती फोनवर म्हणाली होती. गौतम घाईने "नको" म्हणाला. ताईचासुद्धा पाय त्या पेडलवर त्याला नको होता. म्हणून आजच, एकट्याने, सगळं उरकायचं होतं. गाडी गेली तर अण्णा गेले, असं त्याला वाटायचं. तेवढं एकच त्याच्याजवळ उरलं होतं.

शेडमध्ये ऑक्टोबरची काहिली साठलेली होती. तेलाचा, रबराचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास. वीज केव्हाच तोडलेली. गौतमने सीट आणि पेडलच्या मध्ये बांबूचा तुकडा अडकवला, मोबाइलचा टॉर्च लावून फोन जमिनीवर ठेवला आणि मागच्या डाव्या चाकाखाली सरकला. अंगठा ठणकत होता. हूडच्या सांगाड्याने परवा चांगलाच कापला होता. त्यावर त्याने हूडच्या निळ्या अस्तराची चिंधी बांधली होती.

बांबू एकदा सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. तिसऱ्यांदा गौतम उठलाच नाही. तसाच पडून राहिला, गालाला थंड फरशी लावून. आणि मग सवयीने, कोणाला म्हणून नव्हे, त्याच्या तोंडून शब्द गेला.

"दाब."

वर पेडलची स्प्रिंग करकरली.

पत्रा निवताना बोलतो, गौतमने स्वतःला सांगितलं. ऊन उतरलं की हा पत्रा नेहमीच टकटक करतो. हात मात्र आपोआप पान्याकडे गेला. त्याने निपल सैल केलं आणि पारदर्शक नळीतून तेल उसळून आलं. बुडबुडे, तेल, पुन्हा बुडबुडे. पायाने पेडल दाबल्याशिवाय येत नाही तसं. त्याने निपल घट्ट केलं.

"...सोड."

पेडल वर गेलं. हळूच, आदबीने.

तो बाहेर आला. सीट रिकामी होती. बांबूचा तुकडा शेडच्या दाराशी पडला होता, सीटपासून चांगला लांब.

पळायला हवं होतं, हे गौतमला कळत होतं. पण पाय निघेनात, आणि निघेनात ते भीतीने नव्हे. वर्षभर त्या शेडमध्ये तो एकटाच बोलत आला होता, नटबोल्टशी, कॅनव्हासशी. उत्तर कधीच आलं नव्हतं. त्याने डोळे पुसले, डब्यातलं तेल वर ओतलं आणि पुन्हा चाकाखाली शिरला.

"दाब," तो हळूच म्हणाला.

करकर.

मागचं डावं चाक झालं, मागचं उजवं झालं. तो एकेक निपल गरजेपेक्षा जास्त वेळा उघडत होता. बुडबुडे संपले तरी "दाब" म्हणत होता. काम संपू नये असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

पुढच्या डाव्या चाकाशी असताना दारात कोणाच्या तरी चपला वाजल्या. बिल्डरने नेमलेला वॉचमन, शामराव. नवाच होता, शेडवर येणाऱ्या गौतमखेरीज चाळीतलं कोणी त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"गौतम, चहा सांगतोय रे. दोन आणू ना?"

"दोन कशाला, काका?"

"अरे, आत तो आहे ना. मघापासून ऐकतोय मी, 'धरलं, धरलं' चाललंय त्याचं."

गौतमला स्वतःला एकदाही 'धरलं' ऐकू आलं नव्हतं.

"काका... म्हातारा आवाज आहे ना? जरा घोगरा?"

"म्हातारा कुठला?" शामराव हसला. "तुझ्यासारखाच. अगदी तुझाच. भाऊ ना तुझा? बोलावतोस आणि ओळख करून देत नाहीस, लाजतोस काय पोरीसारखा." चपला वाजत दूर गेल्या.

शेडमध्ये उजेड कमी होत चालला होता. आता तेलाच्या वासात आणखी कसला तरी वास होता, बंद खोलीत राहिलेल्या घामाचा. गौतमला तो ओळखीचा वाटला. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं, तो त्याच्याच शर्टाचा होता. फक्त तो वरून येत होता, सीटवरून.

शेवटचं चाक ड्रायव्हरच्या दाराशीच होतं. दार उघडं होतं. मान वळवली असती तर पेडल दिसलं असतं. त्याने वळवली नाही. भराभर उघडलं, बंद केलं.

"सोड... झालं. झालं आता... जा."

पेडल वर आलं. त्याने मनात शंभरपर्यंत मोजायचं ठरवलं, पण मध्येच आकडे चुकले. शेवटी तो उठला. फोन मागच्या चाकाखालीच राहिला होता, त्याचा पांढरा उजेड गाडीखालून फरशीवर पसरला होता. सीट रिकामी. रेक्झिनला खळगा पडलेला, आणि तो सावकाश भरून वर येत होता.

ब्रेक लागतो की नाही हे पेडल दाबून बघावंच लागतं. त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. उद्या ताई येणार, गाडी जायला हवी. गौतमने एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि वर्षभराने पहिल्यांदा त्या सीटवर कोणीतरी जिवंत माणूस बसलं.

पेडलचं रबर कोमट होतं.

त्याने दाबलं. दगडासारखं घट्ट. हवेचा मागमूस नाही. एवढं चांगलं काम अण्णांच्या हातूनही कधी झालं नव्हतं. त्याला हसू आलं. आता ताईला फोन करायचा, झालं म्हणून सांगायचं. त्याने पाय उचलला.

तेव्हा मागच्या डाव्या चाकाखालून कोणीतरी म्हणालं, "दाब."

आवाज लाजरा होता, कोणाला म्हणून नव्हे असा. त्याचाच.

गौतमचा पाय खाली गेला. तोंड उघडलं आणि त्याने स्वतःला म्हणताना ऐकलं, "धरलं."

खाली पाना फिरला. बाटलीत तेल पडल्याचा आवाज. पाना पुन्हा फिरला. आता 'सोड' येईल, गौतमने वाट बघितली. मग आणखी बघितली. पोटरीत कळ यायला लागली. उठून पळ, तो स्वतःला म्हणत होता, पण पाय वर्षानुवर्षांच्या सवयीने खिळला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ते तिथे कधी गेले, त्याला आठवत नव्हतं.

शामराव चहाचे दोन ग्लास घेऊन आला. सीटकडे त्याने टॉर्च मारला. उजेड गौतमच्या तोंडावरून सरकत मागच्या नव्या हूडवर गेला, कुठेही न अडखळता. मग शामराव मागच्या चाकाशी जाऊन वाकला.

"घे रे गौतम, गरम आहे. तुझा भाऊ गेला वाटतं?"

"गेला," खालून आवाज आला.

गाडीखालून एक हात बाहेर आला. तेलाने काळा झालेला, अंगठ्यावर निळी चिंधी. हाताने ग्लास धरला. डाव्या बाजूच्या आरशात गौतमला ते स्पष्ट दिसलं. त्याने ओरडायला छातीत हवा भरली. काका, मी इथे आहे, इथे वर. पण तोंडातून निघाला तो एकच शब्द.

"धरलं..."

शामरावने कान टवकारले. "आवाज तर येतोय अजून."

"पत्रा आहे, काका. निवताना बोलतो."

शामराव हसला, दुसरा ग्लास त्याने बॉनेटवर ठेवला आणि चपला वाजवत निघून गेला. ग्लासातून वाफ निघत होती. मग खाली, चाकामागे, फोन वाजला. दोनदा वाजल्यावर तो उचलला गेला.

"हां ताई... हो, झालं सगळं... नाही गं, कोणी नव्हतं. एकट्यानेच केलं... ये सकाळी. तू बस माझ्या बाजूला, मी चालवतो."

फोन बंद झाला. टॉर्चचा उजेडही गेला. कोणीतरी गाडीखालून सावकाश बाहेर सरकलं, उभं राहिलं, कपडे झटकले, बॉनेटवरचा दुसरा ग्लास उचलून चहा संपवला. मग शेडचं दार ओढलं गेलं आणि बाहेरून कडी लागली.

गौतम समोर बघत बसून होता. पेडल तळापर्यंत दाबलेलं. पाय आता दुखत नव्हता. तो कान देऊन ऐकत होता.

'सोड' अजून आलं नव्हतं.