टपाचा शेवटचा टाका

कुंडलिक टपवाला शेळगावच्या फाट्यावर एसटीतून उतरला, तेव्हा ऊन अजून डोक्यावर यायचं होतं. खांद्यावर काळ्या कॅनव्हासची गुंडाळी. पिशवीत दाभण, चुका-खिळे आणि मेण लावलेला दोरा. बारामतीत टांग्यांचे कापडी टप शिवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगत असे.

काम हिंदुरावांच्या मोटारीचं होतं. मोटार फार जुनी, कुठल्याशा संस्थानाच्या लिलावातली. घेतल्याबरोबर हिंदुरावांनी तिचा टप कमानींसकट कापून टाकला आणि मागं फळ्या ठोकल्या. वांग्यांच्या पाट्या इंदापूरच्या बाजाराला तिच्यातूनच जात. टप असला की पाट्या उंच रचता येत नाहीत, एवढंच कारण.

आता फळ्या काढून मागं पुन्हा बाक बसवला होता. लोहारानं नव्या कमानी घडवल्या होत्या. हिंदुरावांची एकुलती एक मुलगी, विजयमाला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पाय सुजलेले, उन्हात गेली की डोळ्यांपुढं अंधारी. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही आणि पोरीला ऊन लागू द्यायचं नाही.

"आजच व्हायला पायजे, कुंडलिकराव," हिंदुराव म्हणाले. "दिवस भरल्यात पोरीचं."

"बसलो की काम संपल्याबिगर उठत न्हाय मी. तुमी फकस्त मधी बोलू नगा."

"घरात बी असंच बोलता का?"

"घरात ती बोलती."

हिंदुराव हसले आणि घराकडं गेले.

मोटार मळ्यातल्या गोठ्याच्या छपराखाली उभी होती. बैल रानात गेलेले. कडब्याच्या गंजीतून मधूनच काहीतरी खसफसे, की पुन्हा सगळं गप्प. कुंडलिकनं मापं घेतली, कापड बेतलं, आणि पुढच्या कमानीपासून टाके घालत मागं आला.

त्याच्या बापाचा एक नियम होता. अंगावरच्या कपड्याला टाका घालू नये, अंगावर शिवतात ते प्रेताला. घालायचाच झाला तर त्या माणसानं तोंडात काडी धरावी, टाका होईतो बोलू नये. गाठ मारली की शिवणाऱ्यानं आपल्या हातानं काडी परत घ्यावी, मगच त्यानं तोंड उघडावं. टप म्हणजे गाडीच्या अंगावरचा कपडाच. म्हणून शेवटच्या टाक्याआधी गाडीवर टिचकी मारून विचारायचं, आत कुणी हाय का? कधी टांग्यात पोरं लपलेली असत. कुंडलिकला हा नियम खुळा वाटे, पण त्यानं तो कधी मोडला नव्हता.

मागचा डावा कोपरा तेवढा राहिला. कापड चार बोटं कमी पडलं.

त्यानं पुन्हा माप घेतलं. माप बरोबर होतं. कापड ओढलं, तरी पुरेना. मग त्याला दिसलं. त्या कोपऱ्यात कापड आतून वर उचललेलं होतं. तिथं कमान नव्हती. त्यानं वरून तळवा ठेवून दाबलं. कापड जरासं खाली गेलं... आणि सावकाश परत वर आलं. वाकून त्यानं आत पाहिलं. बाक रिकामा होता. ओव्याच्या धुरीचा वास मात्र आला, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा.

"चा आनलाय," मागून आवाज आला.

हिंदुरावांची थोरली बहीण बनाबाई कपबशी घेऊन उभी होती. तिची नजर कुंडलिकवर नव्हती, त्या कोपऱ्यावर होती.

"आक्का, हितं कोन बसायचं?"

बनाबाईनं कपबशी खाली ठेवली.

"सारजा. विजूची आई. अशाच वैशाखात नेत हुतो बारामतीला. पाट्यांसाठी टप कापल्याला. भर माळावर मोटार बंद पडली. झाड न्हाय, काय न्हाय... हितंच विजू झाली. सारजानं पदर असा वर धरला, पोरीवर सावली पडावी म्हनून. मी म्हनलं, दे माझ्याकडं. तर दिना." तिनं आपला हात वर धरून दाखवला. "जीव गेला तरी हात खाली आला न्हाय, दादा. वाकवाया गेलो, वाकला न्हाय. तसाच नेला."

"आन हिंदुराव?"

"त्या दिसापास्नं नाव घेतलं न्हाय तिचं."

एवढ्यात घराकडून हाक आली. बनाबाई पळाली. पाठोपाठ हिंदुरावांचा आवाज, "कुंडलिकराव, कळा सुरू झाल्यात. आटपा..."

कुंडलिकनं दाभण उचललं. कोपरा वरच होता. त्यानं मोटारीवर टिचकी मारली.

"आत कुणी हाय का?"

कापडाखाली काकणं वाजली, अगदी हलकी.

पळून जावं असं त्याला वाटलं. पण समोरून हिंदुराव आणि बनाबाई विजयमालेला धरून आणत होते, आणि तिच्या डोक्यावर ऊन होतं. त्यानं गंजीतली कडब्याची एक काडी उपसली. कोपऱ्याच्या फटीतून आत धरली.

"बाई," तो पुटपुटला, "तुमच्याच लेकीसाठी शिवतोय. एवढी तोंडात धरा."

बोटांतून काडी कुणीतरी हळूच काढून घेतली.

कापड खाली आलं. चार बोटं पुरलं, सुरकुतीसुद्धा पडली नाही. त्यानं भराभर टाके घातले, गाठ मारली, आणि बारामतीलाच परतायचं म्हणून हिंदुरावांच्या शेजारी जाऊन बसला. मागं बनाबाई आणि विजयमाला. काटेवाडी मागं पडली. माळावर आग बरसत होती. टपाखाली मात्र गारवा होता.

ऊन कलताना दवाखान्यात विजयमाला बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. हिंदुराव व्हरांड्यातच खाली बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले.

थोड्या वेळानं बनाबाई कुंडलिकजवळ आली.

"विजू इचारती, डाव्या अंगाला बसल्याली बाई कोन हुती. माझ्याच वयाची, म्हनती. वाटंभर माझा हात धरून बसली."

"बोलली का काय?"

"कशी बोलंल? तोंडात काडी हुती म्हनं."

काडीचं कुंडलिकनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि गाठ मारल्यावर ती परत घ्यायला तो विसरला होता.

तो मोटारीकडं गेला. मोटार झाडाखाली रिकामी उभी होती. सुरीच्या टोकानं त्यानं कोपऱ्याचे टाके उसवले, हात आत घातला आणि तळवा उघडा धरला.

"द्या बाई. झालं आता. मोकळ्या झाला तुमी."

हात तसाच राहिला... मग तळव्यावर काडी पडली. ओली होती. दातांनी चावून चावून चपटी झालेली.

तोवर हिंदुराव आले. घरून लुगडी-दुपटी आणायला ते एकटेच निघाले होते. डोळे पुसत ते चाकाशी बसले आणि त्यांनी मोटार चालू केली. कुंडलिकनं काडी मुठीत झाकली. तो बाजूला झाला.

मोटार रस्त्याला लागली. उसवलेला कोपरा सपाट पडलेला होता. पण पुढं, हिंदुरावांच्या डोक्यावर, कापड सावकाश वर उचललं गेलं.

वळणावर मोटार हळू झाली. हिंदुरावांनी मान मागं वळवली. कुणीतरी हाक मारल्यावर माणूस वळवतो तशी.

कुंडलिकनं मूठ उघडून पाहिली. काडी त्याच्याजवळच होती.