नाळेवरची जागा

वसंताच्या आरंभी पुंता सालादाच्या खाडीवर धुके उतरले की पाणी आणि आकाश यांच्यामधली रेषा पुसली जाते. उरते ती कुररांची शीळ. मासळीवर जगणाऱ्या या गरुडजातीला पूर्वसूरींनी कुरर म्हटले, आणि तिच्या मादीच्या हाकेत त्यांना विरहिणीचा विलाप ऐकू आला. आमच्या खाडीवरच्या बायका मात्र म्हणतात, "विलाप कसला? नवऱ्याला मासा आणायला सांगतेय ती!"

अशाच एका धुकट सकाळी भरतीने रस्ता बुडाला होता, म्हणून नेरेइदा ओखेदाच्या होडीत एका अनोळखी तरुणाने पाऊल टाकले. खांद्यावर तारेचे वेटोळे, कमरेला पक्कड. तो सरळ पुढे गेला आणि होडीच्या टोकाशी, नाळेवर, ऐसपैस बसला.

"ऊठ तिथून!"

"का? ओलं आहे?"

"तिथं घरचा माणूस बसतो. परक्यानं मधल्या फळीवर बसायचं."

"तुझ्या घरचं कोण बसतं इथं?"

"कोणी नाही."

"मग रिकामीच आहे की—"

"रिकामी आहे म्हणून तुझी नाही!"

तो हसून उठला. उठताना त्याची टोपी पाण्यात पडली. नेरेइदाने ती वल्ह्याने उचलून दिली, आणि त्या निमित्ताने दोघांची दृष्टी क्षणभर एकमेकांत गुंतली… मग तिने विचारले, "काम काय गावात?"

"विजेच्या खांबावरचं घरटं पाडायचंय."

तिने भर खाडीत इंजिन बंद केले.

"अगं, काय झालं?"

"पोहत जा."

त्या घरट्याची पहिली काटकी पडली तेव्हापासून नेरेइदा त्या जोडप्याच्या मागावर होती. मादी अंड्यांवर कधी बसली, नराने कुठल्या वळणावर मासा धरला, कवच फोडून दोन पिल्ले कधी बाहेर आली… सारे तिने डोळ्यांनी पाहिले होते. परंतु धुक्याने भिजलेले घरट्यातले शेवाळ तारांवर लोंबे, ठिणग्या उडत, आणि बर्फाचा कारखाना बंद पडे. पवित्र सप्ताहाची, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याची, मासळीविक्री तोंडावर आली होती. म्हणून कोळ्यांच्या संघाच्या प्रमुखाने, म्हणजे नेरेइदाच्याच पित्याने, सेवेरोने, या तारवाल्याला बोलावले होते. त्याचे नाव इलारियो.

बराच वेळ धुक्यात तरंगल्यावर होडी अखेर धक्क्याला लागली. इलारियो खांबापाशी पोहोचला, तो नेरेइदा खांबाला पाठ टेकून उभी!

"पोरी, बाजूला हो. सगळं गाव बघतंय," सेवेरो गरजला.

"बघू दे की."

"मी नुसतं वर जाऊन बघून येतो, काका," इलारियो म्हणाला. खाली उतरला तेव्हा त्याच्या मुखावरचे हसू मावळले होते. "वर दोन पिल्लं आहेत. मला काटक्या काढायला पाठवलंय, जीव घ्यायला नाही. शेजारी दुसरा खांब उभारतो, घरटं त्यावर हलवू."

"सप्ताह सुरू होतो त्या झावळ्यांच्या रविवारपर्यंत," सेवेरोने बजावले. "तोवर पाखरं तिकडं गेली तर ठीक. नाहीतर मीच फेकून देईन सगळं."

मग प्रत्येक सकाळी इलारियो मधल्या फळीवर बसून येऊ लागला. नव्या खांबासाठी फुटक्या जहाजाची डोलकाठी दोघांनी मिळून तासली. भरतीची वाट पाहताना ती त्याला बेटांवरची घरटी दाखवी. तो मात्र घरट्यांपेक्षा, दाखवणारा हातच अधिक पाही.

"पाखरू तिकडं आहे."

"दिसलं मला. म्हणून तर इकडं बघतोय."

"तारा जोडताना पण असाच बघतोस? जळशील एक दिवस."

"जळलोच आहे…"

तिने तोंड फिरवले. कान मात्र लाल झाले.

रविवारी त्याने दोर, शेवाळ, चिंध्या यांसह घरटे अलगद नव्या खांबावर नेले. पिल्ले चिवचिवत होती. मात्र नर बोय मासा पकडून आला तो जुन्याच खांबाच्या आडव्या दांड्यावर बसला. मादीही त्याच्या शेजारी. पिल्लांकडे कोणी फिरकेना. दुपार कलली. सेवेरो शिडीकडे निघाला.

"थांबा, पापा!" नेरेइदा ओरडली, आणि इलारियोकडे वळली. "अरे, तो मासा आणला की आधी बाजूला बसून डोकं खातो, मग उरलेला घरी देतो. तू घर बांधलंस, पण नवऱ्याला बसायला जागाच ठेवली नाहीस!"

इलारियोने एक आडवा दांडा उचलला आणि तो नव्या खांबावर चढला. मादी त्याच्यावर झेपावली. नखांनी त्याचा कान फाडला. तो खाली उतरला नाही. शेवटचा खिळा ठोकूनच उतरला.

नर मासा घेऊन आला. नव्या दांड्यावर बसला. सावकाश डोके खाऊ लागला.

"मेला, आधी आपलं पोट!" बायका हसल्या.

मग तो उडाला आणि उरलेला मासा त्याने घरट्यात ठेवला. मागोमाग मादी पिल्लांवर पंख पसरून उतरली. सेवेरोने शिडी भिंतीला टेकवली. काही वेळाने बर्फाचा कारखाना घरघरू लागला.

"पोहोचव त्याला," तो कन्येला म्हणाला. "आणि ध्यानात ठेव, तारवाले येतात नि जातात."

धक्क्यावर गाव जमले होते. इलारियो कानाला फडके लावून मधल्या फळीकडे वळला.

"तिथं नको," नेरेइदा म्हणाली. "पुढं बस."

सेवेरो धक्क्याच्या काठाशी आला.

"नेरेइदा! ती जागा—"

"माझ्या होडीतली आहे, पापा."

"पण मी परका…" इलारियो पुटपुटला.

"आमच्या पाखराची नखं कानावर घेऊन कसला परका? बसतोस की नाही?"

तो बसला. पित्याच्या दृष्टीला दृष्टी भिडवून तिने दोर सोडला. मागून कुररीची शीळ आली.

"काय म्हणतेय ती?"

"मासा आण म्हणतेय."

"मग उद्या येतो… मासा घेऊन."

"डोकं खाऊन?"

"छे! अख्खा आणतो."

"बघू," ती म्हणाली, आणि होडी भर उजेडात, सगळ्या गावासमोरून, मुद्दाम हळू नेली.